मुलगी रात्री अकरापर्यंत जागी असते आणि फोन काढून घेता येत नाही. काय करू?

खळ्यातली तुळस, १२ जुलै, दुपारी २.४०

नमस्कार. मी देवगड तालुक्यातली. मुलगी आठ वर्षांची, तिसरीत आहे. धाकटा चार वर्षांचा, अंगणवाडीत जातो. घरी मी, सासूबाई आणि ही दोन मुलं. मुलांचे बाबा वसईला कंपनीत आहेत, राहतात नालासोपाऱ्यात. घरी येणं होतं ते गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात आठ दिवस.

मुलीच्या झोपेबद्दल विचारायचं आहे. तिला झोप लागायला रात्रीचे सव्वाअकरा होतात. शाळा नऊची आहे, पण शाळेची गाडी पाच वाड्या फिरून जाते आणि आमची वाडी पहिली, त्यामुळे गाडी साडेसातला तिठ्यावर येते. म्हणजे पावणेसातला उठवावंच लागतं. मी वेणी घालते तेव्हा तिची मान माझ्या हातात लुळी पडलेली असते. चहात बुडवलेली खारी हातातच विरघळून जाते, तिला पत्ता नसतो. गेल्या आठवड्यात वहीत बाईंचा शेरा आला, 'वर्गात बाकावर डोके टेकून झोपते.' तो वाचल्यापासून मला चैन नाही. मुलगी आळशी नाही हो. पंधरापर्यंतचे पाढे तिचे दुसरीतच झाले होते.

चारला घरी येते, दोन घास खाते आणि दप्तराशेजारी ओटीवरच आडवी होते. सहापर्यंत गाढ झोप. मी उठवत नाही. वाटतं, रात्रीची तूट भरून निघतेय तर निघू दे.

संध्याकाळचं खरं खरं सांगते. सात ते नऊ सासूबाईंच्या मालिका. घरात टीव्ही एकच, तो माजघरात, आणि मुलंही तिथेच. मी भाकऱ्या थापत असते, धाकटा चुलीपाशी यायला बघतो, म्हणून फोन मीच देते. आठला शाळेच्या ग्रुपवर गृहपाठ येतो, तोही फोनवरच बघायचा. मग सव्वानऊला बाबांचा व्हिडिओ कॉल. त्यांची कायम दुसरी पाळी आहे, तीन ते साडेअकरा, आणि जेवणाची सुट्टी सव्वानऊची. दिवसभरात मुलांना बाबा दिसतो तो ही वीस मिनिटं.

आमच्या घरात रेंज येत नाही. येते ती खळ्याच्या एका कोपऱ्यात, तुळशीपाशी. सध्या पाऊस आहे, म्हणून मी छत्री धरते आणि मुलगी दोन्ही हातांनी फोन वर धरून उभी राहते. मध्येच चित्र थांबतं. बाबांचं तोंड अर्धवट उघडं, हातात चपातीचा तुकडा, आणि ती तशीच त्या थांबलेल्या चित्राकडे बघत राहते, हलत नाही. हलली तर रेंज जाईल असं तिला वाटतं. कॉल संपला की फोन सोडत नाही. 'पाच मिनिटं गे आई' म्हणते आणि अंथरुणात घेऊन जाते. आधीच उतरवून ठेवलेले व्हिडिओ असतात, ते लागतात. मी भांडी घासून येते तर गोधडीतून निळा उजेड दिसत असतो. काढून घेतला की कूस बदलत पडून राहते, पण झोप नाही. 'माका झोप येणा नाय,' एवढंच.

आता ज्यामुळे हे लिहायला घेतलं ते सांगते. जूनच्या शेवटी आमच्याकडे झाड पडून लाइट गेली ती चार रात्री आली नाही. टॉवरही बंद पडला. फोन दुसऱ्या दिवशीच मेला. घरात मेणबत्ती आणि एक टॉर्च. पहिल्या रात्री मुलं कुरकुरली. दुसऱ्या रात्री मुलगी साडेआठला जेवताजेवताच पेंगायला लागली आणि नऊच्या आत झोपली. तिसरी आणि चौथी रात्रही तशीच. शाळेलाही सुट्टी होती, तरी सकाळी सहाला आपणहून उठून ती खळ्यात शेवग्याची पडलेली पानं गोळा करत बसलेली मी पाहिली. लाइट आली आणि तीन दिवसांत परत सव्वाअकरा.

म्हणजे आजार नाही, एवढं मला कळलं. पण पुढे काय करू? सगळे सांगतात, फोन बंद करा. तो फोन बंद केला तर तिचा बाबा बंद होतो. त्यांना 'रात्री कॉल करू नका' असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. हा माणूस डबा बाजूला ठेवून आधी फोन लावतो.

गुहागरची आई, १२ जुलै, संध्याकाळी ५.१५

ताई, मी दोन मुलांची आई म्हणून स्पष्ट सांगते. सात वाजता फोन कपाटात आणि किल्ली आपल्या कमरेला. आठ दिवस रडतील, नवव्या दिवशी विसरतील. माझी विसरली. बाबांना म्हणावं रविवारी बोला पोटभर. मुलांना सवय आपणच लावतो, मोडायचीही आपणच.

खळ्यातली तुळस, १२ जुलै, रात्री १०.०५

तुमचं बरोबर आहे ताई, सवय मीच लावली. पण रविवारी त्यांना सुट्टी नसते, गुरुवारी असते. आणि आठवड्यातून एकदा बाप दिसणं मला पटत नाही. धाकट्याने मागच्या गणपतीत त्यांना ओळखायला अर्धा दिवस लावला होता. दारात उभे होते आणि हा माझ्या पदराआड. तेव्हा त्यांनी बॅग तशीच ठेवली आणि मागच्या दारी जाऊन उभे राहिले. ते मला परत बघायचं नाही. फोन विसरू दे, पण माणूस विसरायला नको.

बालरोग, चिपळूण, १३ जुलै, सकाळी ७.३०

मी चिपळूणला लहान मुलांचा डॉक्टर आहे. तुम्ही लिहिलंय ते इतकं नीट लिहिलंय की अर्धं निदान त्यातच आहे.

आधी हिशेब करू. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत नऊ ते बारा तास झोप लागते. तुमची मुलगी रात्री साडेसात तास झोपते आणि दुपारी दोन. झाले साडेनऊ. म्हणजे झोप जवळपास पुरेशी आहे, पण चुकीच्या जागी पडली आहे. शरीरात झोपेची ओढ जागेपणी तासातासाने साठत जाते. ती सहा वाजेपर्यंत झोपून उठली की ही साठवण रिकामी होते आणि नऊला परत भरत नाही. रात्रीची तूट भरून निघतेय असं तुम्हाला वाटतं, पण उद्याच्या तुटीची सुरुवात तिथेच होते. एकदम बंद करू नका. पंचवीस-तीस मिनिटांनी उठवा, आणि साडेचारच्या पुढे झोपू देऊ नका.

दुसरा भाग उजेडाचा. मेंदूत एक घड्याळ असतं, आणि अंधार पडला की त्याच्या इशाऱ्यावर मेलाटोनिन नावाचं झोपेचं संप्रेरक सुटायला लागतं. उजेड आहे की नाही हे घड्याळाला कळतं ते डोळ्यातल्या काही खास पेशींमुळे. या पेशींना निळसर उजेड सगळ्यात जास्त टोचतो. लहान मुलांची बाहुली मोठी आणि भिंग स्वच्छ, त्यामुळे तोच उजेड त्यांच्या डोळ्यात जास्त शिरतो. जपानमध्ये २०१४ मध्ये प्राथमिक शाळेतली मुलं आणि मोठी माणसं यांना रात्री उजळ दिव्याखाली बसवून मोजलं होतं. मुलांचं मेलाटोनिन मोठ्यांच्या जवळपास दुप्पट दबलं. तुमच्या सासूबाई त्याच ट्यूबखाली, त्याच टीव्हीसमोर बसल्या बसल्या डुलकी काढत असतील. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं, निळा उजेड त्यातून कमी जातो. आजीला झोप येते तर नातीला का येऊ नये, असं म्हणण्यात म्हणूनच अर्थ नाही.

फोन लहान आहे. सगळ्या खोलीला उजेड देते ती ट्यूब. ती आधी बदला. संध्याकाळी साडेसातनंतर माजघरात कमी वॉटचा पिवळा बल्ब लावा, शक्यतो डोक्यावर नको, खाली कोपऱ्यात. साठ-सत्तर रुपयांचं काम आहे. फोनचा पडदा पिवळा करणारी सोय असते, तिच्यावर फार भिस्त ठेवू नका. मी पालकांना ती सुचवायचो, आता सुचवत नाही, कारण पिवळ्या पडद्यावरही मूल तेवढंच गुंगतं.

फोनचा खरा त्रास गुंगण्याचा आहे. एक व्हिडिओ संपला की दुसरा लागतो, त्याला शेवटच नाही. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या लोकांनी ११ ते १४ वर्षांच्या मुलांच्या अंगावर कॅमेरे लावून ती रात्री काय करतात ते पाहिलं आणि २०२४ मध्ये छापलं. झोपायच्या आधी घरात इकडेतिकडे बघितलेल्या स्क्रीनपेक्षा अंथरुणात शिरल्यावर बघितलेल्या स्क्रीनने झोप जास्त खाल्ली. तुमची मुलगी त्याहून लहान आहे, पण माझ्या ओपीडीतही मला हेच दिसतं. बाबांशी वीस मिनिटं बोलणं आणि त्यानंतरचा गोधडीतला एक तास, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली वाचवा, दुसरी बंद करा.

लाइट गेली तेव्हाचं तुमचं निरीक्षण अगदी खरं आहे. अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगरात २०१३ मध्ये आठ जणांना आठवडाभर तंबूत ठेवलं होतं, दिवा नाही, फोन नाही, रात्री फक्त शेकोटी. त्यांचं आतलं घड्याळ सुमारे दोन तास पुढे सरकलं, म्हणजे रात्र लवकर व्हायला लागली. ती मोठी माणसं होती. तुमच्याकडे झाडाने तोच प्रयोग फुकटात करून दिला.

सकाळचा उजेडही तितकाच महत्त्वाचा. पावसाळी आभाळ असलं तरी खळ्यात ट्यूबच्या कितीतरी पट उजेड असतो. उठली की चहा-खारी बाहेर पडवीत द्या. घड्याळाला 'दिवस सुरू झाला' हे तिथे कळतं.

दोन गोष्टी बघून मला कळवा. ती घोरते का, तोंड उघडं ठेवून झोपते का? तसं असेल तर टॉन्सिल, अॅडिनॉइड (नाकाच्या मागची ग्रंथी) दाखवून घ्यावे लागतील, मग वरचं सगळं मागे पडेल. आणि मेलाटोनिनच्या गोळ्या कुणी सुचवल्या तर आपल्या मनाने देऊ नका.

एक वही करा. दोन आठवडे रोज लिहा: दुपारी किती झोपली, ट्यूब कधी बंद झाली, फोन हातातून कधी सुटला, झोप कधी लागली. आठवणीवर जाऊ नका, वही वेगळंच सांगते असा माझा अनुभव आहे.

निवृत्त गुरुजी, राजापूर, १३ जुलै, दुपारी १२.२०

मी चौतीस वर्षं प्राथमिकला शिकवलं. झोपलेलं पोर मला दारातूनच कळायचं. पूर्वी अशी पोरं वर्षातून दोन-तीन दिवस दिसायची, गावच्या जत्रेत रात्रभर दशावतार बघून आलेली. त्या दिवशी मी पहिला तास गोष्टीचाच घ्यायचो आणि जो झोपला त्याला झोपू द्यायचो. शेवटच्या सात-आठ वर्षांत रोजच चार-पाच पोरं तशी यायला लागली. जत्रा कुठली, विचारलं तर मोबाइल.

बाई, तुमच्या मुलीच्या शिक्षिकेला जाऊन भेटा. शेरा वाचून घरी रडू नका. दोन गोष्टी सांगा. पहिली, मूल का झोपतं ते. दुसरी, गृहपाठ रात्री आठला ग्रुपवर टाकणं बंद करा. शाळा सुटताना फळ्यावर लिहून द्या, पोरं उतरवून घेतील. फळ्यावरचं बघून लिहिणं हाच एक अभ्यास आहे. ग्रुपवर टाकणं ही शिक्षकाची सोय आहे, मी स्वतः ती वापरली आहे आणि मला तिचं वाईट वाटतं.

तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये मुलांच्या झोपेचा विषय काढला आणि ८ फेब्रुवारी २०२४ ला शासनाने पत्रक काढलं की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. चांगलं काढलं. पण गाडी साडेसातला आली तर त्या नऊचा उपयोग काय? पाच वाड्यांच्या पालकांनी मिळून गाडीवाल्याला फेरा उलटा घ्यायला सांगून बघा, एक महिना तुमची वाडी पहिली, एक महिना शेवटची.

आणखी एक. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत गावात टीव्ही, मोबाइल बंद. मुलं अभ्यासाला बसतात. मी हे सांगतो ते एवढ्यासाठी की तिथे फक्त पोरांचा फोन बंद होत नाही, आजीची मालिकाही बंद होते. एकट्या पोराकडून काढून घेतलेली गोष्ट त्याला शिक्षा वाटते.

वेंगुर्ल्याचा चाकरमानी, १३ जुलै, रात्री ११.५०

वहिनी, मी तुमच्या नवऱ्याच्या बाजूचा माणूस. घर वेंगुर्ल्याला, नोकरी भाईंदरला, पाळी रात्रीची. लोकल मिळायला वेळ आहे, फलाटावर बसून लिहितोय.

आम्हाला वाटतं की दिवसभरात एकदा पोरांचं तोंड दिसलं की आपण बाप आहोत. पोरगं पेंगत असलं तरी आम्ही त्याला बोलवत राहतो, 'बाबाकडे बघ, बाबाकडे बघ.' मी दोन वर्षं असंच केलं. मग एकदा बायकोने मला न सांगता कॉल चालू असताना कॅमेरा मुलाकडे फिरवला. उभा होता आणि डोळे मिटत होते, उघडत होते. मी कॉल कापला. त्या रात्री काम सुधरलं नाही.

आता मी सकाळी करतो. सहा वाजता पाळी सुटते, सव्वासहाला फलाटावरून फोन. मुलगा दात घासत असतो, तोंडात फेस. रात्रीपेक्षा जास्त बोलतो, कारण त्याला रात्री काय स्वप्न पडलं ते सांगायचं असतं. तुमच्या मालकांना सकाळी सातला उठणं जड जाईल, साडेअकराला सुटून खोलीवर पोचायला एक होत असणार. पण विचारून बघा. आम्ही उठतो वहिनी. तुम्ही सांगत नाही म्हणून आम्हाला कळत नाही.

एक विचारू? हे सव्वाअकरा कधीपासून? शाळा सुरू झाल्यापासून की त्याआधीपासून?

खळ्यातली तुळस, १४ जुलै, दुपारी ३.१०

डॉक्टर, घोरत नाही, तोंड मिटलेलं असतं. काल रात्री दोनदा टॉर्च घेऊन बघितलं. वही केली आहे.

दादा, तुमच्या प्रश्नाने मी थांबले. मी जून म्हणणार होते. पण आठवून बघितलं तर जानेवारीत हळदीकुंकवाला जाऊन मी उशिरा परतले तेव्हाही ती जागीच होती. यांना कायम दुसरी पाळी लागली ती दिवाळीनंतर. त्याआधी कॉल सात वाजता यायचा. हे मी आजवर जोडून बघितलं नव्हतं.

सासूबाईंशी मालिकेचं बोलले. 'माझी मालिका बंद कित्याक? चेडवाक फोन देव नको,' म्हणाल्या. बघू.

खळ्यातली तुळस, १२ ऑगस्ट, दुपारी २.२०

उशिरा लिहिते आहे, पण वही पूर्ण केल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

पहिले दोन आठवडे मी काहीच बदललं नाही, फक्त लिहिलं. डॉक्टर म्हणाले तसं वहीने वेगळंच सांगितलं. सोमवार सव्वाअकरा, मंगळवार अकरा वीस, बुधवार अकरा, आणि गुरुवार दहा. पुढचा गुरुवार पावणेदहा. दोन्ही गुरुवारी ट्यूब तीच, टीव्ही तोच, फोनही हातात होता, दुपारची झोपही झाली होती. फरक एकच, गुरुवारी बाबांना सुट्टी असते आणि कॉल संध्याकाळी सहाला होऊन जातो.

शनिवारी एकदा असं झालं की यांना जेवणाची सुट्टीच मिळाली नाही, कॉल आला नाही. त्या रात्री तर बारा वाजले. मी तिच्या शेजारी पडून राहिले. फोन माझ्या उशाखाली होता, बंद. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, 'आई, वाजलो काय?' मी म्हटलं नाही. परत दहा मिनिटांनी तेच. मग मी विचारलं, लाइट नव्हती तेव्हा तू कशी गं लवकर झोपायचीस? ती म्हणाली, 'टॉवरच नव्हतो. मगे बाबा फोन कसो करतले?'

मी अंधारात गप्प राहिले. आम्ही सगळे उजेडाचा, फोनचा विचार करत होतो आणि पोर आठ महिने वाट बघत जागत होती. कॉल झाला तरी तिला वाटायचं परत येईल, चित्र मध्येच थांबलं होतं ना, बोलणं राहिलं होतं. म्हणून फोन अंथरुणात न्यायचा. व्हिडिओ हे निमित्त. डॉक्टर, तुमचं उजेडाचं खोटं आहे असं मी म्हणत नाही, ते पुढे सांगतेच. पण मेणबत्तीच्या त्या चार रात्रींत अंधार होता आणि वाट बघणंही नव्हतं. दोन्ही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला, ते उठल्यावर, मी यांना फोन करून सगळं सांगितलं. वही वाचून दाखवली, गुरुवारसकट. बराच वेळ बोलले नाहीत. मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाले, 'सात वाजता करतो. गजर लावतो.'

२८ जुलैपासून कॉल सकाळी सातला आहे. ती पडवीत चहा पिते आणि मग खळ्यात तुळशीपाशी जाते, त्यामुळे सकाळचा उजेडही आपोआप मिळतो. हे उशीवर डोकं ठेवूनच बोलतात, डोळे सुजलेले असतात, बोलून झालं की परत झोपतात. पहिले तीन-चार दिवस तिने रात्री सव्वानऊला दारात फेऱ्या मारल्या. त्यावर यांनीच उपाय काढला. दुपारी कामावर जाताना दोन-तीन मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करून पाठवतात. खोलीच्या खिडकीत कबुतराने घरटं केलंय, त्याची रोजची बातमी. काल एक अंडं, आज दोन. मी रात्री नऊला फोन पालथा ठेवते आणि दिवा मालवून ते लावते. संपलं की संपलं, त्याच्या पुढे दुसरं काही लागत नाही. तिला शेवट ऐकू येतो, 'चला, आता झोपा,' आणि मग फोन मी शिवणयंत्राच्या खणात टाकते.

माजघरात पिवळा बल्ब लावला आहे, पाच वॉटचा, देव्हाऱ्याच्या बाजूला खाली. त्या उजेडात मला सुई ओवता येत नाही, म्हणून ब्लाऊजचं काम दुपारी घेतलं. सासूबाईंनी पहिल्या दिवशी 'ह्या काय सुतकासारख्या' म्हणून नाराजी दाखवली. आता म्हणतात, 'साडेआठाक बंद करतंय, पण शनवारची माका बघूक व्हयी.' दिली शनिवारची. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणायला सगळ्यात जास्त त्रास झाला. उठवलं की रडायची, चिडायची. शेवटी साडेचारला मी तिला घेऊन खाडीच्या बाजूला चालत जायला लागले, धाकटाही येतो. मासेमारीची बंदी उठली आहे, होड्या परत पाण्यात आहेत, ते बघण्यात तिची झोप मोडते.

वहीतले गेल्या आठवड्याचे आकडे: नऊ पन्नास, नऊ चाळीस, दहा, नऊ चाळीस, साडेनऊ, दहा दहा, नऊ पंचेचाळीस. दहा दहा शनिवारचे. म्हणजे रात्रीचे नऊ तास अजून रोज होत नाहीत, पण सकाळी वेणी घालताना मान ताठ असते आणि 'घट्ट नको' म्हणून भांडते.

गुरुजी, बाईंना भेटले. चांगल्या आहेत, त्यांनीच खुर्ची ओढून दिली. गृहपाठ आता फळ्यावरून उतरवून आणते, अक्षर अजून बाईंना लागत नाही, मलाही लागत नाही, पण आणते. गाडीवाला ऐकत नाही. डिझेलचं कारण सांगतो. त्यावर आम्ही पाच आया परत जाणार आहोत.

गुहागरच्या ताई, तुमचंही थोडं घेतलं, खणाची किल्ली माझ्याचकडे आहे.

धाकट्याचं अजून जमलेलं नाही, त्याला चुलीपाशी येऊ न देता गुंतवायचं कशात ते कुणी सांगितलं तर बरं होईल. सध्या पीठ मळायला देते, अर्धं जमिनीवर जातं. आणि पंधरा दिवसांवर गणपती आले. हे येणार, रात्री घरोघर भजनं, एक-दोन वाजेपर्यंत मुलं जागणारच. ते पाच दिवस मी वही मिटून ठेवणार आहे. विसर्जनानंतर परत साडेनऊवर कसं आणायचं, ते डॉक्टर, तुम्ही आधीच सांगून ठेवा.